लांब पल्ल्याचे दात

ताईच्या खोलीत कायम पंधरा-वीस तोंडं असायची आणि त्यातलं एकही बोलायचं नाही. प्लास्टरची तोंडं! वरचा जबडा, खालचा जबडा, मध्ये गुलाबी मेणात रोवलेले दात आणि प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. ताई कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून मापाचे साचे डब्यात भरून यायचे, ताई त्यांवर दात बसवायची आणि डबा परत जायचा. कवळी कुणाच्या तोंडात गेली, तो माणूस हसताना कसा दिसतो, त्याला सफरचंद चावता आलं का, हे तिला सहसा कळायचं नाही. इतक्या लोकांच्या पार अक्कलदाढेपर्यंत पोचूनसुद्धा एकाचीही ओळख नाही. बोला आता!

या खोलीच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की शेड, आणि शेडमध्ये ती. बिनछपराची, दोनच माणसांची, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. वयाने म्हातारी, पण तोरा असा की अजून कुणीतरी फोटो काढणार आहे. ताईने आणि तिच्या धाकट्या भावाने ती भंगारवाल्याच्या अंगणातून ओढत आणली, तेव्हा स्टिअरिंगच्या मागे एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. धाकट्याने कोंबडीला हात जोडून म्हटलं होतं, "बाई, उतरा आता, पुढचा स्टॉप आमचा."

मग दोघांनी मिळून गाडी उभी केली आणि घाटातल्या शर्यतींत पळवली. ताई चालवायची. धाकटा शेजारी बसून पुढचं वळण ओरडून सांगायचा, कारण त्या गाडीत ओरडल्याशिवाय काही ऐकूच यायचं नाही. त्याला कारण होतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जे लोखंडी पोट असतं, त्यात दोन दातेरी चाकं असतात. छोटं ते पिनियन, ताटाएवढं मोठं ते क्राऊन. छोट्याने किती गिरक्या घेतल्या की मोठ्याची एक फेरी पुरी होते, यावर गाडीचा अख्खा स्वभाव ठरतो. या दोघांनी घाटाचे दात बसवले होते. छोट्याच्या जवळजवळ पाच गिरक्या, तेव्हा कुठे मोठ्याची एक. त्यामुळे चढावर गाडी माकडासारखी सरसर वर जायची. पण सपाट रस्त्याला लागली की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि मागून येणारे टेम्पो आरामात पुढे निघून जायचे.

पुढे धाकट्याचं लग्न झालं, नोकरी लागली आणि तो सपाट मुलखाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन राहिला. भांडण वगैरे काही नाही हं. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. इथे मिटवायला काही नव्हतंच. फोन होता. आपल्या दर वाढदिवसाला धाकटा म्हणायचा, "ताई, ये ना गाडी घेऊन."

"या दातांनी? अरे, तुझ्या घरी पोचेपर्यंत इंजिन माझ्या मांडीवर येऊन बसेल."

मग दोघं हसायची. दरवर्षी तोच विनोद, दरवर्षी तेच हसू. एकदा तर ताईने येते म्हणून कबूलही केलं आणि आदल्या दिवशी कळवलं की जमत नाही. धाकटा "असू दे गं" म्हणाला.

आणि मग एका वर्षी फोनवर त्याने विचारलं, "गाडी कशी आहे?"

"बरी आहे."

"बरं."

एवढंच. ये ना, हे तो म्हणालाच नाही. फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ हातात एक वरचा जबडा धरून बसली. त्याच्याकडे बघून तिच्या लक्षात आलं की ज्या विनोदावर आपण इतकी वर्षं हसलो, ती आपली सबब होती. आणि समोरच्याने आता सबब मागायचंही सोडून दिलं आहे.

तिने उलटा फोन लावला. "पुढच्या वाढदिवसाला पन्नास पूर्ण होतील ना तुला? मी येते. गाडी घेऊन येते."

तो म्हणाला, "मागेही म्हणाली होतीस."

"आता दात बदलते. लांब पल्ल्याचे बसवते."

"बघ हं, ताई." त्याचा आवाज असा होता, जसा आपण लहान मुलाला 'पडशील' म्हणताना काढतो. "नाहीतर राहू दे. खरंच राहू दे."

यावेळी आपण गेलो नाही तर तो पुन्हा विचारणार नाही, हे ताईला स्वच्छ कळलं.

लांब पल्ल्याची जोडी, छोट्याच्या तीनच गिरक्यांत मोठ्याची एक फेरी करणारी, जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून आली, तेलकट कागदात गुंडाळलेली, लग्नाच्या जोडीसारखी. खरंच तशीच असते ती! क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून तयार होतात, दोघांवर एकच नंबर कोरतात, आणि एकाला सोडून दुसऱ्याला भलत्याबरोबर लावलं की जन्मभर किरकिर.

ताईने गाडी मागून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. तेल काढलं. चाकांचे दांडे बाहेर ओढले, पुढून येणारा शाफ्ट सोडवला, आणि सगळे नट काढून ते जड पोट छातीशी कवटाळून टेबलावर आणलं. शेडमध्ये कुणी नव्हतं, तरी ती "सांभाळ, बोट सांभाळ" असं मोठ्याने म्हणाली. सवय! पूर्वी दुसऱ्या बाजूला धाकट्याची बोटं असायची.

घाटाचे दात निघाले, नवे बसले. आणि इथे खरी मेख होती. दात नुसते बसवून चालत नाही, ते एकमेकांना नेमके कुठे टेकतात हे बघावं लागतं. त्यासाठी मोठ्या चाकाच्या दातांवर निळा रंग लावायचा आणि छोटं चाक फिरवायचं. जिथे टेकलं तिथला रंग पुसला जातो. ठसा दाताच्या मधोमध आला तर ठीक. काठावर आला तर आत पातळ चकती घाला, काढा, पुन्हा बघा. ताईला यात नवीन काहीच नव्हतं. ती कवळ्यांचा चावा रोज निळ्या कागदावरच बघायची.

फक्त एक अट होती. एकाने छोटं चाक फिरवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने मोठं चाक हाताने दाबून अडवायचं. जोर लागला तरच ठसा खरा. पूर्वी धाकटा गोणपाट हातावर घेऊन चाक धरायचा आणि कुरकुरायचा, "मला काय ब्रेक समजतेस का?"

"छे. ब्रेक कमी बडबड करतो."

आता ब्रेकही नव्हता आणि बडबडही. ताईने डोकं लढवलं. जुना चामडी पट्टा मोठ्या चाकाच्या कडेवरून घेतला, एक टोक टेबलाला खिळ्याने ठोकलं आणि दुसऱ्याला वजन म्हणून प्लास्टरची पिशवी टांगली. छोटं चाक फिरवलं. पट्टा ताणला, चाक जड झालं, ठसा मधोमध उमटला. उलटं फिरवून दातांची दुसरी बाजू बघितली. तिथला ठसा जरा फिकट होता, पण मधोमधच. "आहे काय त्यात!" ताई शेडला म्हणाली. "माझ्या कामाला दुसरा हात लागतच नाही."

शेडने हो-नाही काही केलं नाही.

सगळं परत चढवून, तेल भरून ताई गाडी बाहेर घेऊन गेली. काय सांगावं! मोठ्या रस्त्यावर पाय दाबला आणि गाडी अशी निघाली की जणू एवढी वर्षं तिला कुणी आखूड झबलं घातलं होतं आणि आज पहिल्यांदा पाय लांब करायला मिळाले. इंजिन गुणगुणत होतं. ताईने आनंदात शेजारच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती. असायचीच, पण गोंगाटात ते इतकं जाणवायचं नाही.

मग पुढे उतार आला, तिने पाय उचलला, आणि मागून हंबरडा फुटला. अक्षरशः हंबरडा! पाय दाबला की गप्प, सोडला की रडणं सुरू. अशी गाडी अख्खा सपाट मुलूख पार करूच शकली नसती. दातांनी वाटेतच एकमेकांना खाऊन टाकलं असतं.

ताई परत आली. पुन्हा ठोकळे, पुन्हा तेल, पुन्हा ते जड पोट छातीशी. धाकट्याचा वाढदिवस तोंडावर आलेला. एकदा तिने फोन हातात घेतला, "जमत नाही रे" हे वाक्य जिभेवर तयारच होतं, पाठच होतं म्हणा ना. मग तिने फोन खाली ठेवला आणि पुन्हा चाक फिरवलं, या वेळी ठशाकडे न बघता पट्ट्याकडे बघत. सरळ फिरवलं, पट्टा ताठ. उलटं फिरवलं, आणि पट्टा वाळत घालायच्या दोरीवरल्या ओल्या कपड्यासारखा लोंबायला लागला.

म्हणजे एकाच बाजूने अडवत होता लेकाचा! दुसऱ्या बाजूचा ठसा बिनजोराचा होता. खोटा होता. कवळीचं माप देताना माणूस नीट न चावता नुसतं तोंड मिटतो, तसा.

तिने पट्टा उलटा ठोकून पाहिला. तो मध्येच गच्च आवळायचा, मध्येच सुटायचा, आणि रंग नुसता फासल्यासारखा पसरायचा. पायाने चाक अडवून पाहिलं आणि स्टुलावरून पडली. गॅरेजवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "एवढी जुनी? आणा सोडून, महिन्याभराने बघू." पट्ट्याचं काम नव्हतंच हे. सरळ फिरवा, उलट फिरवा, दोन्हीकडे सारखं धरून ठेवायला हातच हवा होता, आणि त्या हाताला एक माणूस जोडलेला हवा होता.

ताईने फोनमधली नावं वर-खाली केली. चार डॉक्टर, एक नळवाला, एक वीजवाला, तोच गॅरेजवाला, एक धाकटा. संपलं! इतक्या वर्षांची कमाई एका बोटात सरकून गेली.

तेवढ्यात समोरच्या घरातून आवाज आला. कड्. कड्. कड्.

समोर एक काका राहायचे. सगळी गल्ली त्यांना कडकडकाका म्हणायची, कारण जेवताना त्यांची कवळी पार कोपऱ्यापर्यंत ऐकू यायची. आणि प्रत्येक जेवणानंतर ते खिडकीत येऊन जाहीर करायचे, "ज्याने हे दात केले, त्याचे सगळे पडोत!" गंमत अशी की ताईला माहीत होतं ते दात कुणी केले. एकदा काका तिच्याकडे बघून हसले होते आणि तिने समोरचा किंचित तिरका बसवलेला दात लगेच ओळखला होता. स्वतःच्या हातचा! त्या दिवसापासून ती गल्लीतून मान खाली घालून जायची.

आज ती त्यांच्या दारात उभी राहिली. बेल वाजवून पळून जावं असं तिला, या वयात, अगदी मनापासून वाटलं.

"काका, एक काम होतं. चाक धरायचं होतं."

"कुठलं चाक? कशाला? कोण तुम्ही? हां, समोरच्या! त्या गाडीवाल्या! अहो, या की आत."

"नाही, तुम्हीच या. थोडाच वेळ लागेल."

काकांनी चपला शोधल्या, एकच सापडली, दुसऱ्या पायात दुसरीच घातली आणि निघाले. इतके पटकन निघाले की ताईला जरा धस्सच झालं. आपल्यासारखंच कुणीतरी गल्लीच्या त्या बाजूला बसून होतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेडमध्ये काकांनी गोणपाट हातावर घेतलं आणि मोठं चाक असं धरलं, जसा चोर धरतात. "फिरवा! बघतो कसं फिरतं!"

"एवढं नाही. फिरू द्यायचं, पण सहजासहजी नाही."

"हां, म्हणजे आमच्या हिच्यासारखं. फिरू द्यायची, पण सहजासहजी नाही." काका हसले, मग म्हणाले, "गेली ती. झाली बरीच वर्षं."

ताईने छोटं चाक फिरवलं. सरळ. मग उलट. काकांचा हात म्हातारा होता, थरथरत होता, पण दोन्ही बाजूंना सारखाच थरथरत होता. निळ्या रंगात ठसा उमटला आणि ताईने जीभ चावली. उलट्या बाजूचा ठसा पार दाताच्या टोकाला गेला होता. हाच तो हंबरडा!

ताईने पिनियन काढलं, मागची चकती बदलली, पुन्हा बसवलं. पुन्हा फिरवा, पुन्हा धरा. काकांची बडबड अखंड चालू. दवाखान्याची गोष्ट, मापाची गोष्ट. "डॉक्टर म्हणाला चावा, आणि मी त्याला विचारत बसलो, काय चावू? तेवढ्यात माप झालं म्हणे! आणि मग ज्या कुणी हे दात केले ना, त्याचे..."

"मी केले, काका."

चाक थांबलं. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"म्हणजे माझ्या शिव्या पोचत होत्या?"

"रोज. दोन्ही वेळच्या."

काका इतके हसले की कवळी निसटून हातातल्या गोणपाटावर पडली. "घ्या," ते बोबडं म्हणाले, "दुरुस्तीला टाका!" आणि ताईसुद्धा हसली. तिच्या हसण्याचा आवाज त्या शेडमध्ये जुन्या दारासारखा करकरत निघाला. चकती तिसऱ्यांदा बदलल्यावर ठसा दोन्ही बाजूंनी मधोमध आला. आणि काकांची कवळीही, या वेळी बोलता बोलता नव्हे तर खरंच चावायला लावून, निळ्या कागदावर नीट घासून झाली. गल्लीतली कडकड थांबली. काका मात्र दुसऱ्या दिवशी खिडकीत येऊन म्हणाले, "आता जेवताना घर फार गप्प वाटतं हो."

वाढदिवसाच्या दिवशी ताई पहाटे निघाली. शेजारच्या सीटवर तिने घाटाचे दात ठेवले, तेलकट कागदात गुंडाळून, पट्ट्याने नीट बांधून. का ठेवले, तिला विचारू नका. रस्ता सरळ, सरळ, सरळ. पाय दाबला तरी शांत, सोडला तरी शांत. फक्त वेगाचा काटा खोटं बोलत होता. गाडी भरधाव निघालेली आणि काटा आपला निम्म्यावर. तो छोट्या चाकाच्या गिरक्या मोजतो, आणि दात बदलले हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं; तो बिचारा अजून घाटातच होता. ताईने त्याच्याकडे बघून मान हलवली. काही काही गोष्टींना उशिराच कळतं.

दुपार कलताना ती धाकट्याच्या घरापाशी पोचली. घर फुगे लावून सजलेलं, आत माणसांचा गलका. गाडी फाटकाशी येऊन थांबली आणि कुणीही बाहेर आलं नाही.

ताई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. खिडकीतून लोकांच्या पाठी दिसत होत्या. या पाठींपैकी एकही तिच्या ओळखीची नव्हती. गाडी वळवून परत जायला किती सोपं होतं! या दातांनी तर अगदीच सोपं. तिने बोट हॉर्नवर ठेवलं, काढलं, आणि मग दाबलंच.

दार उघडलं. धाकटा बाहेर आला, केस पांढरे, पोट सुटलेलं, एकाच पायात मोजा. गाडीकडे बघत तो जागच्या जागी उभा राहिला.

"आलीस?" तो म्हणाला. "कधी आलीस? सकाळपासून कान लावून बसलोय मी! वाटलं होतं, वळणावरूनच ऐकू येशील."

"आवाज गेला आता तिचा."

"हं." तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मग सीटवरचं पुडकं उचललं, वजनावरूनच ओळखलं, मांडीवर घेतलं आणि आत बसला. आतून भावजयीने हाक मारली, "अहो, मेणबत्त्या लावल्यात!"

"आलोच!" तो ओरडला आणि ताईला म्हणाला, "चल, एक फेरी."

घरांच्या रांगेतून गाडी हळू निघाली. या गाडीत ती दोघं एकमेकांशी साध्या आवाजात कधी बोललेलीच नव्हती. वळण ओरडायचं, एवढंच ठाऊक. आणि इथे तर वळणही नव्हतं. ताईने काचेवरची धूळ पुसली, जी तिथे नव्हती.

मग तो मांडीवरच्या पुडक्याकडे बघत म्हणाला, "ताई, चाक कुणी धरलं?"

सगळ्या जगात हा प्रश्न विचारू शकणारा हा एकच माणूस होता.

"समोरच्या काकांनी. बडबडे आहेत. तुझ्यापेक्षाही."

"हं," तो म्हणाला. अंगठ्याने तो स्वतःचा तळवा चोळत होता, जिथे पूर्वी गोणपाट असायचं. "उलटं फिरवतानासुद्धा धरलं?"

"धरलं."

"बघू."

पुढे रस्ता जरासा उतरत होता. ताईने पाय उचलला. गाडी आपली आपण घरंगळत निघाली, आणि दोघं मान थोडी मागे वळवून, श्वास रोखून, न येणारा आवाज ऐकत राहिली.